नावं दिसतात, आवाज नाही

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या टेबलाच्या खणात एक मेमरी कार्ड आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढं, काळं, वर सोनेरी अक्षरांत '८ जीबी' असं छापलेलं. मी ते वापरत नाही आणि टाकूनही देत नाही. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर इतिहास शिकवला, मग मध्येच हे कार्ड कुठून काढलं? पण इतिहासाची साधनं म्हणजे ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागद, एवढीच माझी समजूत होती. साधन आपल्या डोळ्यांदेखत तयार कसं होतं आणि डोळ्यांदेखत हातचं कसं जातं, ते मला या कार्डाने दाखवलं.

मी तळोद्याचा. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापीचं खोरं, आणि सातपुडा ओलांडला की नर्मदा. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. १९९३ साली मणिबेलीत पाणी घरांना लागलं, आणि पुढे धरणाची भिंत जसजशी चढली तसतशी नदीकाठची एकेक वस्ती मागे सरकत गेली. त्यातल्या पुष्कळ कुटुंबांना डोंगर उतरवून आमच्या तळोदा तालुक्यात वसवलं. त्यासाठी इथली वनजमीन मोकळी करण्यात आली. त्या वसाहतींतली मुलं आमच्या शाळेत येऊ लागली.

२००९ सालची गोष्ट. नववीच्या वर्गात 'माझे गाव' हा निबंध दिला होता. एक मुलगा वही कोरी ठेवून बसला. विचारलं तर म्हणाला, ''गुरुजी, कोणतं गाव लिहू? इथलं, की पाण्यातलं?'' पाण्यातलं गाव त्याने समजत्या वयात पाहिलेलं नव्हतं. ''माझ्या आजोबांना सगळं पाठ आहे,'' एवढं मात्र त्याने सांगितलं.

म्हणून डिसेंबरात मी त्या आजोबांकडे गेलो. सगळी वसाहत त्यांना बाबा म्हणायची, मीही बाबाच म्हणू लागलो. बाबांना खरोखर पाठ होतं. ते गाणं नव्हतं आणि गोष्टही नव्हती. नदीच्या एका नाल्यापासून सुरुवात करून काठाकाठाने वर जायचं आणि वाटेतला प्रत्येक ओहोळ, दगड, शेत, मोठा महू यांचं नाव घ्यायचं. शेत कोणी फोडलं, कोणता दगड पूजेचा, कोणत्या डोहात कोण बुडालं, तेही त्यातच. तोंडी सातबाराच म्हणा ना. त्यातली बरीच शेतं सरकारी सातबाऱ्यावर कधी चढलीच नव्हती, त्यामुळे बाबांच्या तोंडाखेरीज त्यांची दुसरी नोंद कुठेही नव्हती.

माझ्याकडे पेन्सिल सेलवर चालणारा साधा डिजिटल कॅमेरा होता. चित्रण करायचं तर जागा जास्त लागणार, म्हणून एका मोठ्या गावच्या बाजारात हातगाडीवरून हे कार्ड घेतलं होतं. दुकानातल्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळालं, याचा मला आनंदच झाला होता. बाबा बोलले की मी कॅमेरा चालू करी, ते तंबाखू मळायला थांबले की सेल वाचवण्यासाठी बंद करी. दोन दिवसांत लहानमोठ्या १९ फिती झाल्या. सेल उतरतील म्हणून तिथल्या तिथे चालवून पाहिल्या नाहीत.

घरी येऊन कार्ड संगणकात घातलं. १९ च्या १९ फिती यादीत होत्या. प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, आकार, सगळं नीट. पहिल्या पाच लागल्या. सहावी उघडली तर काळा पडदा. सातवीही तशीच. मी रात्री बारापर्यंत एकोणिसावीपर्यंत जाऊन आलो. मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, जणू दुसऱ्या खेपेला कार्डाचं मन बदलणार होतं.

तळोद्यातल्या एका फोटो स्टुडिओत संगणकातलं जाणणारा पोरगा होता. त्याने गेलेलं परत आणण्याचं एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं, मग कार्डाची प्रत काढून ठेवली, आणि मूळ कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून तपासलं. संध्याकाळी म्हणाला, ''गुरुजी, कार्ड खराब झालेलं नाही. ते होतंच एवढं.'' वर ८ जीबी छापलेलं असलं तरी आत २ जीबीचाच माल होता. कार्डात एक छोटा नियंत्रक असतो, तो कॅमेऱ्याला आपली क्षमता सांगतो. त्याला खोटं सांगायला शिकवलेलं होतं. कॅमेऱ्याने विश्वास ठेवला. २ जीबी भरल्यावर पुढचं सगळं तो हसतमुखाने स्वीकारत गेला आणि सोडून देत गेला. फितींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, म्हणून ती शाबूत. दारावर पाटी लागली, पण घरात माणूस राहायला आलाच नाही, असा प्रकार.

बाबांना हे सांगायला मी लगेच जायला हवं होतं. दहावीची पूर्वपरीक्षा होती, मग तोंडी परीक्षा. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. होळीच्या आधीच बाबा गेले.

त्यानंतर मी या विषयाचं जे मिळेल ते वाचू लागलो. इतिहासाच्या मास्तराचा राग वाचनावरच निघायचा. ज्याने मला दगा दिला ते काय आहे, कोणी केलं, हे मला समजून घ्यायचं होतं.

या कार्डाचं मूळ १९६७ सालात आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी या दोघांनी अशी रचना सुचवली, की विद्युतभाराचा एक कण चारही बाजूंनी निरोधक थराने वेढून आत कोंडून ठेवायचा. वीज बंद झाली तरी तो आतच राहणार. पुढे तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी त्यातून एकदम पुसता येणारी स्मृती बनवली आणि १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत ती मांडली. एका झटक्यात पुसलं जाणं पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला, म्हणून नाव पडलं फ्लॅश. म्हणजे हे नाव पडलं पुसण्यावरून, जपण्यावरून नव्हे! १९८७ साली मासुओकांनीच तिचा दाट आणि स्वस्त अवतार मांडला, आजची कार्डं त्याच घराण्यातली. या शोधाचा पुरेसा मोबदला मिळाला नाही म्हणून त्यांना आपल्याच जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ साली तडजोड झाली आणि त्यांना ८ कोटी ७० लाख येन मिळाले. जगातल्या प्रत्येक खिशात ज्याचं काम आहे, त्याच्या मानाने ही रक्कम मला तरी फार वाटत नाही.

आता हे चालतं कसं? आपल्या भाषेत सांगतो. कार्डात कोट्यवधी सूक्ष्म माठ आहेत असं समजा. माठाला तोंड नाही. आत इलेक्ट्रॉन भरायचे तर जास्त दाब देऊन भिंतीतूनच पार करावे लागतात, आणि काढायचेही भिंतीतूनच. ही भिंत मीटरच्या अब्जाव्या भागाच्या आठ-दहा पट जाडीची. प्रत्येक भरण्या-काढण्याने ती थोडी झिजते. झिजली की माठ पाझरू लागतो. उन्हात पाझर वाढतो, आणि मे महिन्यात आमच्या तापीखोऱ्यात पत्र्याखालच्या फळीवर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. पहिल्या पिढीच्या कार्डांत माठात पाणी आहे की नाही एवढंच पाहत, म्हणून थोडं पाझरलं तरी बिघडत नसे. असे माठ सुमारे १,००,००० वेळा भरता-पुसता येत. पुढे स्वस्ताईसाठी एकाच माठात चार पातळ्या ओळखू लागले, मग आठ. खुणा जितक्या जवळ, तितका थोडा पाझरही चुकीचं सांगतो. आठ पातळ्यांच्या मालाचं आयुष्य हजाराच्या आसपास खेपांवर आलं. संगणकात बसवायच्या फ्लॅश डिस्कसाठी या उद्योगाने स्वतःच एक मानक ठरवलं आहे: घरगुती डिस्क नेमून दिलेली झीज होईपर्यंत वापरल्यावर, ३० अंश तापमानात, विजेविना एक वर्ष मजकूर टिकवू शकली म्हणजे पास. एक वर्ष! आपल्याकडे कोठीतला गहूही त्याहून जास्त टिकवतात.

आजचं एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केलं. एसडीतला 'एस' सिक्युअरचा, म्हणजे सुरक्षित. मला वाटायचं, माझा मजकूर सुरक्षित. तसं नाही. संगीत कंपन्यांना धास्ती होती की लोक गाण्यांच्या नकला काढतील, त्या नकलांपासूनची ती सुरक्षितता होती. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. कारण आमच्या सातपुड्यात या कार्डाने नेमकं उलटं काम केलं. २००८-१० च्या सुमारास स्वस्त चायना मोबाइल डोंगरात पोहोचले. तळोदा, अक्कलकुवा, धडगावच्या बाजारात मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. अहिराणी गाणी, पावरी, भिलोरी, होळीचा ढोल, पावरीचे सूर, कोणाच्या तरी लग्नातलं नाचगाणं. रेडिओचा सूर जिथे दरीत उतरताना तुटतो, तिथे हे नखाएवढं कार्ड घरोघरी पोहोचलं. लोक ते कधी जपून ठेवत नसत. एकाकडून दुसऱ्याकडे ब्लूटूथने जाई, भरलं की पुसून नवं. या गोष्टीचं महत्त्व तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

फसणारा मी एकटा नव्हतो, हे वाचून थोडं बरं वाटलं. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेची 'स्पिरिट' ही गाडी मंगळावर उतरली. तीन आठवड्यांच्या आत ती नीट बोलेनाशी झाली. तिच्या फ्लॅश स्मृतीत फायलींची गर्दी इतकी झाली होती की त्यांची यादी वाचतानाच संगणक अडखळे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, असं ६० हून अधिक वेळा झालं. फ्लॅशला हात न लावता जागी हो, असा निरोप पृथ्वीवरून गेला, तेव्हा ती शुद्धीवर आली. तिची बहीण 'ऑपॉर्च्युनिटी' दहा वर्षं चालल्यावर, २०१४ च्या अखेरीस, तिची फ्लॅश झिजून दगा देऊ लागली. मग दिवसभराचं काम झोपण्यापूर्वी पृथ्वीला कळवून टाकायचं, नाहीतर रात्रीत गेलं, असा क्रम लावावा लागला.

आणि आपल्या घरचंच सांगायचं तर, देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते दिलं गेलं. त्या दिवशी सगळा जिल्हा टेंभलीकडे लोटला होता. पुढे एप्रिल २०१३ मध्ये वृत्तपत्रांत बातमी आली, की महाराष्ट्रातल्या सुमारे ३ लाख अर्जदारांची आधारची माहिती मुंबईहून बंगळूरकडे पाठवताना हरवली. हार्ड डिस्क बिघडली आणि तिकडे पोहोचलेलं वाचता येईना. ती हार्ड डिस्क होती, फ्लॅश नव्हे. तिची चकती फिरते, हिची फिरत नाही, हा फरक आहेच. पण त्या लोकांना बोटांचे ठसे पुन्हा देता येतात. मला बाबांकडे पुन्हा जाता येत नव्हतं.

आमच्या भागातल्या बोलींच्या नोंदी पूर्वी झालेल्या नाहीत असं नाही. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला, तो मुख्यतः भिल्ली बोली आणि खानदेशी यांना वाहिलेला आहे. देहवाली, पावरी, मावची यांचे नमुने त्यात आहेत. नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्टच भाषांतर करून घेतलेली. शंभर वर्षांपूर्वी आमच्या डोंगरातली माणसं काय बोलत, ते आम्हाला त्या परक्या पुत्राच्या तोंडून कळतं, ही गंमतच. पण कळतं तर खरं! तो भाग मी ग्रंथालयात पाहिला. पानं पिवळी पडली आहेत, कडा तुटतात, अक्षर मात्र जागच्या जागी आहे. आणि तो नष्ट झाला तरी त्याच्या प्रती कलकत्त्यापासून लंडनपर्यंत आहेत.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्याची अखेर काढली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले. त्यांना बीडकडच्या पाटांगणला ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली होती. १९०९ साली त्यांनी ती छापली. मूळ पोथी आज उपलब्ध नाही. राजवाड्यांनी स्वतःच ती नष्ट केली, असंही सांगितलं जातं. तिच्या जुनेपणाविषयी विद्वान वाद घालतात, पण तो वाद घालायला छापील प्रत आहे म्हणून. आणि त्याच्याही मागे, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी काय केलं? नकलांवर नकला होऊन ज्ञानेश्वरीत चुका शिरल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. आजच्या कार्डातला नियंत्रक चुका सुधारण्यासाठी मूळ मजकुरासोबत थोडी जादा माहिती लिहून ठेवतो आणि वाचताना ती ताडून पाहतो, असं जेव्हा मी वाचलं, तेव्हा मला पैठणच आठवलं. नाथांना मात्र अनेक प्रती मिळाल्या होत्या. माझ्याकडे एकच होती, आणि तीही हातगाडीवरची.

असो. माझी गोष्ट इथे संपली असती.

२०१२ च्या पावसाळ्यात दुसऱ्या एका वसाहतीतला मुलगा दाखल्यावर सही घ्यायला घरी आला. मी दाखला वाचत होतो, तो मोबाइलवर काहीतरी पाहत बसला होता. आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला. बारीक, चिरका, डब्यातून आल्यासारखा, पण बाबांचाच. मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. चार मिनिटांची फीत होती. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं आणि धुरकट. त्यात डाव्या बाजूला एका माणसाची पाठ होती, स्वेटर घातलेली, हातात कॅमेरा धरलेली. ती पाठ माझी होती. माझ्या मागे उभा राहून, माझ्या विद्यार्थ्याच्या काकाने आपल्या चायना मोबाइलवर ते टिपलं होतं. मला ठाऊकही नव्हतं. त्याने तो मोबाइल कधीच विकून टाकला होता, कार्डही गेलं होतं. पण तोवर फीत एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती. या मुलाला कोणी दिली, ते त्यालाही सांगता येईना. गाण्यांबरोबर आली, म्हणाला.

माझ्या पाच फितींत मिळून पंधरा-सोळा मिनिटं आहेत. त्यातली पहिली सगळी बाबांच्या फेटा सारखा करण्यात आणि ''चालू झालं का, गुरुजी?'' असं विचारण्यात गेली आहे. उरलेल्यांत १८ नावं आहेत. त्या चार मिनिटांत आणखी ११ मिळाली, ती माझ्या फितींनंतरची, वरच्या अंगाची. त्याच संध्याकाळी मी सगळी २९ नावं शाईने एका दोनशे पानी वहीत उतरवून काढली. बाबांनी त्या दोन दिवसांत एकूण किती सांगितली होती, ते मी मोजलं नव्हतं. कॅमेरा आहे म्हटल्यावर मोजतो कोण?

निबंधाची वही कोरी ठेवणारा तो मुलगा आता तिशीला आला. गेल्या दिवाळीत भेटायला आला तेव्हा मी त्याला वही दाखवली. चौदाव्या नावावर तो अडला. ''गुरुजी, हा नाला नाही, हे शेताचं नाव आहे,'' म्हणाला. मी फितीत ऐकलेलं सांगितलं. त्याने तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, नालाही नाही आणि शेतही नाही, तो पाण्याकाठचा दगड, बायका तिथे कपडे धुवायच्या. दोघांचं बराच वेळ आपल्या बोलीत भांडण चाललं. शेवटी मी त्या नावापुढे तिन्ही लिहिलं, जुन्या पोथ्यांत पाठभेद लिहितात तसं. जाताना तो चौकातल्या दुकानात वहीची झेरॉक्स काढून घेऊन गेला. दोन प्रती काढल्या, एक आत्याला.